रुपयाएवढी फट

लोकांना आरामात बसायच्या वस्तू विकण्यात जिचं आयुष्य गेलं, त्या आमच्या काकूला मी कधी खुर्चीत पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात तिचं दुकान होतं. पुढे पडद्यांची आणि सोफ्याच्या कापडाची ठाणं, मागे अंगणात सुतारकाम. गिऱ्हाइकांसाठी चार गुबगुबीत खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि काकू त्यांच्याभोवती फिरत असायची. चहा उभ्याने, डबा उभ्याने, फोन तर चालता चालता, तोही अर्धा रस्त्यावर जाऊन. "काकू, बसा ना दोन मिनिटं," असं कोणी म्हटलं की म्हणायची, "मले बसलं की पाठ दुखते." डॉक्टरलाही तिने हेच सांगितलं होतं.

सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, तिला सरकाकाकू म्हणायचा. कारण गिऱ्हाइकाच्या घरी सामान उतरलं, हमालांनी सोफा जागेवर ठेवला, घाम पुसला, की काकू दारातून बघून म्हणायची, "जरा सरका." वीतभर डावीकडे. मग चार बोटं मागे. मग पुन्हा उजवीकडे, आधी होता तिथेच. एकदा ब्राह्मणपाऱ्यातल्या एका घरी लाकडी पलंग पाचव्यांदा सरकवायला सांगितल्यावर दोघे हमाल त्याच पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "काकी, अब हमको भी साथ में सरका दो." काकूने खरंच पलंगाला हात लावला. ते दोघे मुकाट्याने उठले.

मी समता कॉलोनीतली. नागपूरहून इंटिरियरचा डिप्लोमा करून आले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. काकूकडे सहा महिने अनुभव घ्यायचा आणि मग स्वतःचं ऑफिस थाटायचं, असा माझा बेत होता. राहिले सात वर्षं. पहिल्या दिवशी तिने मला एका घरी पाठवलं आणि माझ्या हातातला टेप काढून घेतला. "घर मागून माप. आधी माणसं माप," म्हणाली. मी दिवसभर त्या घरात पाहुणीसारखी बसून राहिले. संध्याकाळी तिने विचारलं, "आजोबा चष्मा कोणत्या हाताले ठेवते? सून चहा कुठी पिते? चपला कोण आत आणते?" मला एकही सांगता आलं नाही. "मंग दिवसभर काय करून राहिली होती तिथं?" तिने दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्याच घरी पाठवलं.

मला ती फार आवडायची आणि तिचा फार राग यायचा, दोन्ही एकाच तासात. तिच्यापाशी कुठलीही गोष्ट झाली असं नसायचंच. पडदे लागले, गिऱ्हाईक खूश झालं, पैसे आले, तरी दोन दिवसांनी काकू त्या घराची बेल वाजवणार. "इकडून जात होती, म्हटलं पाहून घेऊ," असं म्हणणार आणि पडद्याची दुमड चिमटीत धरून उभी राहणार. गिऱ्हाइकाशी हिंदी, सुतारांशी छत्तीसगढी, माझ्याशी आमची इकडची मराठी, आणि तिन्ही भाषांत ती एकच विचारायची: मोजून पाहिलं का, की नुसतं पाहिलं?

मग समुद्राचं काम आलं.

रायपूरला समुद्र नाही, पण रायपूरच्या पैशाला समुद्राची हौस लागली होती. तांदळाच्या गिरणीवाले, लोखंडवाले विशाखापट्टणमच्या बाजूला किनाऱ्यावर बंगले घेऊ लागले होते. एका गिरणीवाल्यांचं घर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना सगळे भैयाजी म्हणत. त्यांनीही तिथे एक बंगला घेतला. एका ओळीत सात पांढरे बंगले, समुद्राकडची अख्खी भिंत काचेची, समोर वाळू. त्यांच्या आईचं वर्षभरापूर्वी निधन झालं होतं आणि वडिलांना, म्हणजे दाऊजींना, दम्याचा त्रास होता. रायपूरची धूळ आणि धूर त्यांना सोसत नव्हता. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा मानवेल. भैयाजींनी आम्हाला सांगितलं, "काकू, घर ऐसा सजाओ कि बाबूजी का मन लग जाए. अच्छा हुआ तो लाइन के बाकी घर भी आपके. सब अपने ही लोग हैं."

काकूने जन्मात समुद्राकाठचं घर सजवलं नव्हतं. दुसऱ्या कोणी तिथल्या एखाद्या दुकानदाराला फोन केला असता. काकूने बाजारातून झाकणाचं मोठं पिंप आणलं, त्यात पाणी भरलं, पोतंभर खडेमीठ ओतलं आणि ते दुकानामागच्या उन्हात ठेवून दिलं. पिंपात पाण्याच्या वर दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांना काय काय लटकवलं: बिजागऱ्या, कड्या, स्क्रू, मखमलीचा तुकडा, सुती कापडाचा तुकडा, सागवानाची फळी, प्लायची फळी, फोम. झाकण लावून फडक्याने बांधलं. रोज सकाळी फडकं सोडून आत डोकं घालायची. शेजारच्या बायका विचारायच्या, "काकू, यंदा कशाचं लोणचं?" तर म्हणायची, "बिजागऱ्यांचं."

सहा आठवड्यांत त्या लोणच्याने आम्हाला पुष्कळ शिकवलं. मखमलीला बुरशी आली. लोखंडी स्क्रू गंजून दोऱ्यांवर लाल ओघळ आले. चकचकीत मुलाम्याच्या कड्या हिरव्या पडल्या. प्लायचे पदर सुटले. सागवान टिकलं, पण फुगलं. काकूने ती फळी रोज मापली होती, माझ्याकडून वहीत लिहून घेतली होती. त्यावरून ठरलं: सोफे वेताचे, गाद्यांचे अभ्रे सुती, धुता येतील असे, पडदे पातळ, बिजागऱ्या भरीव पितळेच्या, आणि कपाटं, ड्रॉवर, खोल्यांची दारं, सगळं सागवानी. आणि प्रत्येक दार चौकटीत बसवताना कडेने रुपयाचं नाणं सहज फिरेल एवढी फट ठेवायची.

ही फट म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रायपूरचा उन्हाळा लाकूड वाळवून टाकतो. इथे दार कितीही घट्ट बसवा, मे महिन्यात ते आपोआप सैल होतं आणि फटीतून उजेड दिसतो. म्हणून आमच्याकडच्या सुताराचा हात घट्टपणाकडे वळलेला. पोस्टकार्ड जाईल एवढी फट म्हणजे चांगलं काम. त्याहून जास्त असेल तर गिऱ्हाईक म्हणणार, मिस्त्री झोपला होता काय. समुद्रावर सगळं उलटं. तिथे लाकूड हवा पितं आणि फुगतं. आमचे मिस्त्री बिसाहू, तीस वर्षांचा हात. ते रुपयाएवढी फट ठेवताना मान हलवत होते, पण काकूचा शब्द म्हणून ठेवत होते.

मे महिन्यात सगळं तयार झालं आणि काकू पुतणीच्या लग्नाला चार दिवस नागपूरला गेली. त्याच चार दिवसांत भैयाजी आणि त्यांची बायको सामान बघायला आले. आम्ही अंगणात दारं आणि कपाटं चौकटींसकट उभी केली होती. वहिनींनी कपाटाच्या दारापाशी डोळा नेला, फटीतून पलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतना गैप? इसमें तो छिपकली घुस जाएगी." भैयाजी माझ्याकडे बघायला लागले. मी सांगायला हवं होतं. पिंप दाखवायला हवं होतं, ते तिथेच सात पावलांवर होतं. पण उरलेली सहा घरं मला दिसत होती. काकू म्हणाली होती, ती घरं तू बघजो, तुझ्या हाताने. मी हसून म्हटलं, "अभी फायनल नहीं हुआ है, भाभी. कल तक ठीक हो जाएगा."

ते गेल्यावर मी बिसाहूंना सांगितलं, सगळ्या दारांच्या कडेला सागवानाची पातळ पट्टी चिकटवा. ते म्हणाले, "काकी ला पूछ लेतेन." म्हणजे काकूला विचारून घेऊ. मी म्हटलं, काकू लग्नात आहे, तिला कशाला त्रास. पट्ट्या लागल्या. दारं इतकी सुरेख बसली की मी स्वतःवरच खूश झाले. काकू परत आली तोवर सामान कागदात आणि गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये चढलं होतं. "फट पाहिली ना?" तिने विचारलं. "हो," मी म्हटलं.

बंगला सजला, दाऊजी तिथे राहायला गेले. सोबत एक स्वयंपाकीण आणि फाटकावर चौकीदार. पडदे-खुर्च्या काकूने बघितल्या, दारं-कपाटं तिने माझ्या शब्दावर माझ्याकडे सोपवली, आणि आम्ही दोघी सामान लावून परतलो. तेव्हा पाऊस लागायचा होता, लाकडाने तिथली हवा अजून प्यायली नव्हती, दारं सुळसुळ उघडत होती. महिन्याभराने भैयाजींचा फोन आला. स्वयंपाकीण बाजारात गेली होती. दाऊजी आंघोळीला गेले आणि न्हाणीघराचं दार आतून उघडेना. कडी निघाली होती, पण दार चौकटीत फुगून बसलं होतं. त्यांनी ओढलं तर मूठ हातात आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा दमेकरी माणूस दोन तास आत बसून होता. चौकीदाराने वरचं तावदान फोडून आत उडी मारली आणि दार तोडलं.

काकूने त्याच दिवशीच्या गाडीची तिकिटं काढली. वाटेत ती डब्याच्या दारापासून दुसऱ्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती, आणि मी बर्थवर बसून एकच गोष्ट ठरवत होते: पोचायच्या आत हिला सांगायचं. उतरायच्या आधीचं शेवटचं मोठं स्टेशन, विजयनगरम गेलं, तरी सांगितलं नाही.

बंगल्यात पाय ठेवल्या ठेवल्या ती न्हाणीघराकडे गेली. तुटलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. काकूने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. एका जागी थांबली. नखाने उचकटलं, तशी ओलाव्याने सुटलेली पट्टी वर आली. ती तिने वीतभर सोलली, पाहिली, आणि पुन्हा दाबून बसवली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिथेच उभ्याने भैयाजींना फोन लावला. "गलती मेरी है, भैयाजी," ती म्हणाली. "समुंदर का अंदाज़ मुझे नहीं आया. उमर हो गई." तिकडून ते बरंच काही बोलले असणार. ती "जी, जी" करत ऐकत राहिली. मी काचेच्या भिंतीतून समुद्र बघत होते, जणू तो पहिल्यांदाच पाहत होते.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "चाल, कपाटं पाहू." बस, एवढंच. मला वाटलं, रात्री विचारेल. रात्री नाही विचारलं. मला वाटलं, उद्या विचारेल. आज लिहिताना वाटतं, ती मला सांगायला जागा देत होती. तेव्हा मात्र मला वाटलं, वाचले.

तिथला एक सुतार बोलावून आम्ही तीन दिवस दारं रंधून घेतली. दाऊजींच्या खोलीतलं कपाटही फुगून बसलं होतं. पटाशी घालून आठही ड्रॉवर उघडले, तर आठही रिकामे. दाऊजींचे कपडे खुंटीवर टांगलेल्या कापडी पिशवीत होते. महिनाभर ते माणूस त्या पिशवीतून धोतर काढत होतं आणि तिच्यातच ठेवत होतं. काकू त्या पिशवीसमोर बराच वेळ उभी राहिली. ती कधी एका जागी एवढी उभी राहत नसे.

दाऊजी बोलत फार कमी. ती घटना झाल्यापासून अंगणातल्या नळावर आंघोळ करत. त्यांच्यासाठी आम्ही एक वेताची आरामखुर्ची बनवली होती, हात ठेवायला रुंद पट्टे, पाठीला नेमका उतार, काचेसमोर, समुद्राकडे तोंड करून. बंगल्याची सगळी किंमत त्या दृश्याचीच होती. पहिल्या सकाळी पाहिलं तर खुर्ची दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे पाठ, तोंड फाटकाकडे. काकूने ती सरकवून जागेवर आणली. दुपारी पुन्हा फाटकाकडे. काकूने पुन्हा आणली. संध्याकाळी तिसऱ्यांदा ती खुर्ची उचलायला गेली तेव्हा दाऊजी तीत बसलेले होते. ते शांतपणे म्हणाले, "समुंदर कोती ले कोन आही, बाई?" समुद्राकडून कोण येणार आहे, बाई.

काकू जमिनीवर बसली. खरंच बसली, मांडी घालून, त्यांच्या खुर्चीशेजारी, फाटकाकडे तोंड करून. दोघं अंधार पडेपर्यंत छत्तीसगढीत बोलत होते. गिरणीत कोण कोण कामाला आहे, कोणाच्या मुलीचं लग्न झालं, दाऊजींची बायको कोणत्या झाडाखाली भाजी निवडायची. मी दारांना तेलपाणी करत होते आणि मधूनमधून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. रिक्षा आली. काकू आत गेली आणि कापडी पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. मागे दाऊजी, पायात वहाणा, हातात काठी. मी म्हटलं, "काकू, हे काय?" "घरी जाऊन राहिले ते," ती म्हणाली. "डॉक्टरनं हवा सांगितली होती," मी म्हटलं. "डॉक्टरले मी सांगतो." चौकीदार भैयाजींना फोन लावत होता. काकूने तो त्याच्या हातातून घेतला आणि बोलली, "भैयाजी, बाबूजी मेरे साथ हैं. सुबह स्टेशन पर गाड़ी भेज देना." आणि बंद करून त्याला परत दिला.

स्टेशनवर भैयाजी स्वतः आले होते. संतापलेलेच होते. "आपको दरवाज़े ठीक करने भेजा था, काकू." काकू म्हणाली, "दरवाज़े ठीक हो गए. बाबूजी को पूछ लो, ये ठीक हैं कि नहीं." दाऊजींनी मुलाला विचारलं, "मिल चलत हे?" गिरणी चालू आहे का. आणि उत्तराची वाट न बघता काठी टेकत पुलाकडे चालू लागले. मुलाला त्यांच्यामागे धावावं लागलं.

रायपूर मोठं शहर झालं असेल, पण गोष्ट फिरायला अजून गावच आहे. आठवड्याभरात सगळ्यांना ठाऊक झालं की सरकाकाकूने दाऊजींना न्हाणीघरात कोंडलं आणि मग पळवून आणलं. लोक हसून सांगायचे, पण दारं-कपाटांचं काम कोणी देईना. उरली सहा घरं तर गेलीच. मी काकूवर भडकले. अगदी मनापासून भडकले, हे आता सांगायलाही लाज वाटते. दुकानात, बिसाहूंच्या समोर म्हटलं, "ज्याचे वडील त्याने बघावे. आपण फर्निचर विकतो, काकू. तुम्हाला काय पडलंय?" ती ठाण गुंडाळत होती. म्हणाली, "हव, फर्निचरच विकतो. पण त्याच्यावर माणूस बसते ना, पोट्टी." बिसाहू खाली बघून रंधा मारत राहिले. ते बोलले असते तर तिथेच माझं तोंड बंद झालं असतं. ते बोलले नाहीत, कारण काकूने त्यांना न बोलायला सांगितलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीच्या सुमारास भैयाजींनी मला घरी बोलावलं. म्हणाले, "काकू की उमर हो गई, उनकी गलती है, आपकी तो नहीं. बाकी घर आप अलग से कर लो." मी काय म्हणायला हवं होतं, ते कोणालाही कळेल. मी म्हटलं, "सोचकर बताती हूँ." आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

काकूला सांगायला गेले तेव्हा वाटलं, ओरडेल. निदान रुसेल. ती म्हणाली, "घे. काहून नाही घ्यायचं? मीच त म्हटलं होतं, तुझ्या हाताने कर." मग मागे गेली, पिंप रिकामं करून धुतलं आणि माझ्या रिक्षात चढवलं. समता कॉलोनीत माझं ऑफिस उघडलं त्या दिवशी ती न बोलावता आली, सगळ्या खुर्च्या दोन-दोन बोटं सरकवल्या, पेढा तोंडात टाकला आणि दारातून जाता जाता म्हणाली, "फट ठेवजो." मी मान हलवली. माझ्या कानशिलांपर्यंत गरम झालं होतं.

फट ठेवली. सहाही घरं मी केली, एकही दार अडकलं नाही. माझं नाव झालं. आज मासिकांतून फोटो येतात त्या घरांचे, गोव्याहूनही बोलावणी येतात. काकूचं दुकान हळूहळू पडदे आणि उश्यांच्या अभ्र्यांवर आलं. ती मात्र तशीच, रस्त्यावर अर्धी, फोनवर बोलत. आठवड्यातून एकदा भैयाजींच्या गिरणीवर जायची. दाऊजी गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसत. धुळीने खोकत, पण ट्रकवाल्या प्रत्येकाला नावाने हाक मारत. दीड वर्ष ते असे बसले. गेले ते घरातल्या पलंगावर, सगळ्यांच्या देखत. भैयाजी काकूशी त्या दिवसापासून पुन्हा बोलू लागले.

काकू गेली तेव्हा मी गोव्यात होते, एका बंगल्याचे पडदे लावत. तीन दिवसांचा ताप. मी तेरवीला पोचले. तात्यापाऱ्यात रस्ता अडवून मांडव घातला होता, अर्धं गाव जेवायला होतं. पंगतीत माझ्या शेजारी भैयाजी, समोर बिसाहू. भैयाजी भोवतीच्या लोकांना तीच गोष्ट सांगत होते. आता त्यात राग नव्हता, मायाच होती. "काकू ने मेरे बाबूजी को बाथरूम में बंद कर दिया था," ते म्हणाले, "और फिर समुंदर से उठाकर घर ले आई. ऐसी थी." लोक हसले. बायकांनी डोळे पुसले. बिसाहूंनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "भैयाजी, वो गलती काकू की नहीं थी. पट्टी मैंने लगवाई थी."

भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "देखो," ते सगळ्यांना म्हणाले, "इसे कहते हैं संस्कार. आज भी काकू का दोष अपने सिर ले रही है." पलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "नाही हो, खरंच. बिसाहू मिस्त्रींना विचारा." बिसाहूंनी मान खाली घातली. काकूने त्यांना नको म्हटलं होतं, आणि ती आता नको म्हणणं मागे घ्यायला नव्हती. वाढप्याने माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला. भैयाजी म्हणाले, "खा लो, दीदी. काकू को अच्छा लगेगा."

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिथे बोलले नाही, लाडू खाल्ला. म्हणून इथे सांगते आहे, जिथे कोणी मध्येच माझं कौतुक करू शकणार नाही. ती पट्टी मी लावायला सांगितली होती. काकू नागपूरला लग्नात होती.